आठ सेमिस्टरचा हिशोब: अमेरिकेतली लिबरल आर्ट्स कॉलेजं, पदवीच्या अटी आणि शिष्यवृत्तीचा पैसा

सांजवात

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात सांगलीहून ताईचा फोन आला. भाचीला अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात प्रवेश मिळालाय आणि सोबत फायनान्शियल एडचं, म्हणजे आर्थिक मदतीचं, पत्रही आलंय. ताईनं ते पत्र देवघरात ठेवलं होतं. तिथून उचलून तिनं मला फोनवर वाचून दाखवलं. वर वर्षाचा एकूण खर्च, त्याखाली कॉलेजची ग्रँट (परत न करायची मदत), मग कॅम्पसवरच्या कामाचे पैसे आणि शेवटी घरून भरायची रक्कम. मागून भाऊजींचा आवाज आला, "म्हणजे चार वर्षांची काळजी मिटली." मला पटकन हो म्हणता येईना. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती, ती मी ताईला पुन्हा वाचायला लावली. मदत जास्तीत जास्त आठ सेमिस्टर मिळेल, आणि दर वर्षी नव्यानं अर्ज करावा लागेल.

या एका ओळीपायी माझ्या आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. म्हणून हा धागा काढतेय. मुलं पत्रातले आकडे वाचतात आणि कॉलेजचा कॅटलॉग, म्हणजे पदवीच्या अटींचं पुस्तक, पहिल्या वर्षी उघडतसुद्धा नाहीत. मीही उघडलं नव्हतं. खरं तर हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचायचे असतात. पैसा आठ सेमिस्टरचा आहे, तर अटी आठ सेमिस्टरमध्ये पुऱ्या व्हायलाच हव्यात.

माझं काय झालं ते सांगते. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण माणसं चांगली होती आणि चूक बरीचशी माझीही होती. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, अर्थशास्त्र, जोडीला गणित. सातव्या सेमिस्टरच्या नोव्हेंबरमध्ये रजिस्ट्रारच्या ऑफिसातून डिग्री ऑडिटचा, म्हणजे कुठल्या अटी पुऱ्या झाल्या त्याचा, कागद आला. सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण, एका ओळीपुढे रिकामा चौकोन: 'प्रयोगशाळेसह विज्ञान, एक कोर्स'. मी दुसऱ्या वर्षी खगोलशास्त्र घेतलं होतं, ॲडव्हायझरनं, म्हणजे कोर्स निवडायला मदत करणाऱ्या प्राध्यापकानं, सही केली होती. पण त्या कोर्सचे दोन प्रकार होते, लॅबसह आणि लॅबविना. मी लॅबविना घेतला होता, कारण त्या वेळात माझी वाचनालयात ड्यूटी असायची. खिडकीपलीकडच्या बाईंनी कॅटलॉगचं पान उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांचं बोट अजून डोळ्यांसमोर आहे.

आठव्या सेमिस्टरमध्ये ज्या लॅब होत्या त्या एक तर भरलेल्या, नाही तर माझ्या सीनियर सेमिनारच्याच वेळेला. एड ऑफिसनं विनंती ऐकून घेतली आणि नियम दाखवला: नवव्या सेमिस्टरला ग्रँट नाही. शेवटी उन्हाळ्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचा लॅब कोर्स केला. त्याआधी रजिस्ट्रारची लेखी परवानगी, आय-२० ची (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदाची) मुदतवाढ, आणि मुदतवाढीसाठी घरच्या बँकेचा दाखला. फी, राहणं, जेवण सगळं खिशातून. मे महिन्यात बाकीच्यांबरोबर स्टेजवर गेले, हात मिळवला, लाल फोल्डर घेतला. आत पदवीच्या जागी एक कागद होता, अटी पूर्ण झाल्यावर पदवी पोस्टानं येईल असा. आई-बाबा सांगलीत कॉम्प्युटरसमोर बसून समारंभ बघत होते. त्यांना मी ऑगस्टपर्यंत काही सांगितलं नाही, फक्त पैसे लागतील एवढं सांगितलं.

आता ज्यांना या कॉलेजांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं. इथं फक्त पदवीचं शिक्षण असतं, बहुतेक ठिकाणी हजार ते अडीच हजार विद्यार्थी. पण अटी प्रत्येक कॉलेजच्या वेगळ्या, आणि फरक खूप मोठा. ॲमहर्स्टमध्ये ३२ कोर्स, पहिल्या वर्षीचा एक सेमिनार आणि मेजरच्या अटी, बस. बाकी काय शिकायचं ते तुम्ही ठरवा. ग्रिनेलमध्ये १२४ क्रेडिट (एक कोर्स साधारण चार क्रेडिटचा) आणि सर्वांना सक्तीचं असं फक्त पहिल्या सेमिस्टरचं ट्युटोरियल. याच्या उलट स्वार्थमोर: ३२ क्रेडिट (तिथं एक कोर्स साधारण एक क्रेडिटचा), त्यातली २० मेजरच्या बाहेरची, तिन्ही विद्याशाखांत किमान तीन तीन, लेखनाचे कोर्स, शारीरिक शिक्षण आणि पोहण्याची परीक्षासुद्धा. कार्लटनमध्ये सेमिस्टरच नाहीत, वर्षाला तीन टर्म, म्हणजे तिथं घड्याळ बारा टर्मचं. रीडमध्ये पहिल्या वर्षी ह्युमॅनिटीजचा (साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान) मोठा कोर्स सर्वांना, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मेजरची पात्रता परीक्षा आणि ती पास झाल्यावरच चौथ्या वर्षीचा प्रबंध. ओहायोतल्या वूस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र संशोधन करावं लागतं, त्याला तिथं आय.एस. म्हणतात. १९४० च्या दशकापासून हे चालू आहे.

अटी कमी असलेलं कॉलेज सोपं, असं मात्र समजू नका. तिथं चुकायची जागा वेगळी असते. मेजर बदललं की नव्या मेजरचे कोर्स ओळीनं घ्यावे लागतात, आणि भौतिकशास्त्रासारख्या विषयात ती ओळ पहिल्याच सेमिस्टरला सुरू व्हायला लागते.

ज्यांनी यातून मार्ग काढलाय त्यांनी लिहावं. भाची हा धागा वाचणार आहे.

---

कऱ्हाकाठ

सांजवातताई, फार उपयोगी लिहिलंत. मुलगा बारावीला आहे, गणित आणि तबला दोन्हीत जीव आहे त्याचा. शाळेतल्या बाईंनी या कॉलेजांबद्दल सांगितलं. दोन भाबडे प्रश्न. लिबरल आर्ट्स म्हणजे बी.ए., मग गणितवाल्या मुलानं का जावं? आणि आपल्या महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे ना, ती लागू होते का? आमचं सासवडला दुकान आहे, उत्पन्न बेताचं.

---

सांजवात

@कऱ्हाकाठ, भाबडे नाहीत हो. पदवीवर बी.ए. लिहिलेलं असलं तरी त्यात गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र सगळं येतं. इंटेलचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस ग्रिनेलमध्येच भौतिकशास्त्र शिकले, १९४९ साली पदवीधर झाले. ट्रान्झिस्टर नुकताच निघाला होता, तेव्हा त्यांच्या ग्रँट गेल नावाच्या प्राध्यापकांनी तो वर्गात आणून शिकवला. पुढं १९६८ मध्ये इंटेल उभी राहताना कॉलेजच्या बाजूनं तीन लाख डॉलर गुंतवले गेले, आणि त्या गुंतवणुकीतून कॉलेजला कोट्यवधी डॉलर मिळाले. आज तिथली मुलं ज्या ग्रँटवर शिकतात त्यात त्या पैशाचाही वाटा आहे.

तबला आणि गणित एकत्र चालेल असं शिक्षण याच कॉलेजांत मिळतं.

शासनाच्या शिष्यवृत्तीबद्दल मात्र निराश करावं लागतंय. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही मास्टर्स आणि पीएच.डी.साठी. बारावीनंतरच्या पदवीला या दोन्हींचा उपयोग नाही. जे काही मिळायचं ते कॉलेजकडूनच.

---

मुळशीकर

एक वाट राहिली. मुळशी तालुक्यात पौडजवळ युनायटेड वर्ल्ड कॉलेजची शाखा आहे, महिंद्रा कॉलेज, १९९७ पासून. अकरावी-बारावी तिथं आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाची होते. प्रवेश भारतीय समितीच्या निवडीतून, फी घरच्या परिस्थितीप्रमाणे. तिथून किंवा जगातल्या इतर कुठल्याही यूडब्ल्यूसीतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी डेव्हिस शिष्यवृत्ती आहे. शेल्बी डेव्हिस या अमेरिकी गुंतवणूकदारानं २००० साली पाच कॉलेजांपासून सुरुवात केली: कॉल्बी, कॉलेज ऑफ द अटलांटिक, मिडलबरी, प्रिन्स्टन आणि वेलस्ली. आता ही यादी शंभराच्या आसपास गेली आहे. पैसे विद्यार्थ्याच्या हातात येत नाहीत, कॉलेजला मिळतात आणि कॉलेज ते गरजेप्रमाणे मदतीत धरतं.

मी या वाटेनं गेलो. वडील एस.टी.त कंडक्टर. कऱ्हाकाठ, तुमचा मुलगा बारावीत असेल तर ही वाट गेली, पण धाकटं कोणी दहावीत असेल तर जरूर बघा.

आणि मोलाची गोष्ट. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक कॉलेजं 'नीड-अवेअर' असतात, म्हणजे मदत मागितली की प्रवेशाच्या निर्णयात ती मोजली जाते. ॲमहर्स्ट, बोडन अशी थोडी कॉलेजं 'नीड-ब्लाइंड', तिथं मोजत नाहीत. हे ऐकून काही एजंट सांगतात, "आत्ता मदत मागू नका, आत गेल्यावर मागू." असं करू नका! पुष्कळ कॉलेजांचा स्पष्ट नियम आहे की परदेशी विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढं चारही वर्षं मागता येत नाही. माझ्या खोलीतला मुलगा दुसऱ्या वर्षी याच कारणानं परत गेला. एका एजंटनंच त्याला तसा सल्ला दिला होता. त्याच्या बॅगा बसमध्ये मी चढवल्या.

---

नदीपल्याड

एवढा आटापिटा कशासाठी? आपल्याकडे फर्ग्युसन आहे, विलिंग्डन आहे. आणि अटी बघणं ॲडव्हायझरचं काम ना? तो पगार कशाचा घेतो? अठरा वर्षांच्या पोरीनं नियमांची पुस्तकं का वाचायची?

---

सांजवात

@नदीपल्याड, विलिंग्डनमध्ये माझे बाबा शिकले, त्याबद्दल मनात आदरच आहे. भाचीनं जावं की जाऊ नये हा तिच्या घरचा निर्णय, तो झालाय.

ॲडव्हायझरबद्दल तुमचा राग मला समजतो, मीही वर्षभर तो धरून होते. पण तो प्राध्यापक असतो, त्याच्याकडे वीस-पंचवीस मुलं, त्याला त्याच्या विषयाच्या अटी तोंडपाठ असतात, बाकीच्या नसतात. प्रत्येक कॅटलॉगमध्ये एक वाक्य असतंच: अटी पूर्ण करण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची. माझ्या विनंती अर्जाच्या उत्तरात तेच वाक्य जसंच्या तसं आलं होतं.

---

अबोली

मी सध्या तिसऱ्या वर्षाला आहे, मूळची बार्शीची. ताईंच्या भाचीसाठी दोन गोष्टी.

पहिली, पोहणं. आमच्याकडे पोहण्याची परीक्षा आहे आणि ती पास न झाल्यास पोहण्याचा वर्ग घ्यावा लागतो. मी तोवर पाण्यात कधी उतरले नव्हते. आमच्या विहिरीत भाऊ उडी मारायचे आणि मी काठावर कपडे धरून उभी राहायचे. पहिल्या दिवशी चार फूट पाण्यात दोन्ही हातांनी कठडा धरून पंधरा मिनिटं उभी होते. शिकवणारी मुलगी माझ्याच वयाची, तिनं कंबरेला फोमचा पट्टा बांधला आणि म्हणाली, आधी फक्त तोंड पाण्यात घाल आणि बुडबुडे सोड. सात आठवडे लागले. सांगायचं कारण, आमच्या वर्गात दोन मुलं चौथ्या वर्षाची होती. ती शेवटच्या सेमिस्टरमध्ये प्रबंध लिहायचा सोडून तरंगायला शिकत होती. असल्या अटी पहिल्या वर्षीच उरकून टाकाव्यात.

दुसरी, परकीय भाषा. जिथं भाषेची अट असते तिथं बऱ्याच ठिकाणी इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत शिक्षण झालेल्यांना सूट मिळते. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. कागद दाखवले आणि भाषेचे तीन कोर्स वाचले. म्हणजे तीन जागा मोकळ्या झाल्या. त्यातल्या एकीत मी भूगर्भशास्त्र घेतलं आणि आता तेच माझं मेजर आहे. माझ्याबरोबरच्या पुण्याच्या मुलीला हे माहीतच नव्हतं, ती तीन सेमिस्टर स्पॅनिश करत बसली.

---

हिशेबनीस

कराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. न्यू जर्सीत हेच काम करतो.

ट्यूशन आणि सक्तीची पुस्तकं यांवरची शिष्यवृत्ती करमुक्त. राहण्या-जेवणासाठी मिळालेली ग्रँट मात्र अमेरिकेत करपात्र. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी विद्यार्थ्याच्या त्या रकमेतून कॉलेज १४ टक्के कर कापतं. पगार नसल्यामुळे कापायचा कशातून, तर तो थेट मुलाच्या फीच्या खात्यावर बिल म्हणून येतो. जानेवारीत हे बिल बघून मुलं घाबरतात, घरी फोन करतात.

आता भारतीयांसाठीची गोष्ट. भारत-अमेरिका करारातल्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजावट, घेता येतं. इतर देशांतून आलेल्या अनिवासी विद्यार्थ्यांना ते सहसा मिळत नाही. २०२४ साठी ते १४,६०० डॉलर होतं. समजा राहण्या-जेवणाची ग्रँट वर्षाला १६,००० आहे. १४ टक्क्यांनी २,२४० डॉलर कापले गेले. रिटर्न भरलं, १०४०-एनआर हा अनिवासींचा फॉर्म, तर करपात्र उरतात १,४०० आणि दहा टक्क्यांनी कर फक्त १४०. म्हणजे २,१०० डॉलर परत. कॅम्पसवरच्या कामाचे पैसे त्यात मिळवले की आकडा थोडा बदलेल, पण अर्थ तोच. कॉलेजकडून ग्रँट आणि कापलेला कर दाखवणारा १०४२-एस नावाचा फॉर्म येतो तो जपून ठेवा. साधी सॉफ्टवेअरं निवासी लोकांसाठीचा फॉर्म भरून टाकतात, तसं होऊ देऊ नका. कॉलेजचं परदेशी विद्यार्थी ऑफिस बहुधा योग्य सॉफ्टवेअर फुकट देतं.

गेल्या मार्चमध्ये एका मुलीचं तीन वर्षांचं मागचं रिटर्न भरून दिलं. तिनं ते बिल दर वर्षी वडिलांकडून मागवून भरलं होतं आणि परतावा मिळतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

---

दवबिंदू

मी काही वर्षं अशाच एका कॉलेजच्या देणगी विभागात काम केलं. 'स्कॉलरशिप फंड' आतून कसा चालतो ते सांगते, कारण पत्रात कधी कधी चार-पाच फंडांची नावं येतात आणि पालकांना वाटतं पाच शिष्यवृत्त्या मिळाल्या.

एंडाउमेंट, म्हणजे देणग्यांतून साठलेला कायमचा निधी, ही एकच मोठी पेटी नसते. शेकडो छोटे फंड असतात, प्रत्येकाच्या मागं एक देणगीदार आणि एक करारपत्र. मूळ रक्कम हलवायची नाही, गुंतवायची आणि दर वर्षी साधारण साडेचार-पाच टक्के खर्चायचे. तेही मागच्या काही वर्षांच्या सरासरीवर, म्हणजे बाजार कोसळला तरी मुलांची ग्रँट एकदम कोसळत नाही. एक लाख डॉलरचा फंड असेल तर वर्षाला साडेचार-पाच हजार. मग करारातल्या अटी: अमुक परगण्यातली मुलगी, रसायनशास्त्राचा विद्यार्थी, घरातली पहिलीच कॉलेजला आलेली व्यक्ती. आमच्याकडे एक फंड होता, एका निवृत्त शाळामास्तरणीनं मृत्युपत्रात ठेवलेला. अट एवढीच की विद्यार्थी शेतकऱ्याच्या घरातला असावा, देश कोणताही. तो मी एका वर्षी विदर्भातल्या मुलाच्या नावापुढं लावला, त्या दिवशी फाइल बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

पण लक्षात घ्या, त्या मुलाची एकूण मदत त्यामुळे वाढली नाही. कॉलेज आधी गरज ठरवतं, मग ती कुठल्या कुठल्या फंडातून भरायची ते ऑफिस जुळवतं. फंड लावला की कॉलेजचा साधारण पैसा तेवढा मोकळा होतो आणि दुसऱ्या कोणासाठी जातो. तसंच बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली, गावच्या ट्रस्टनं पैसे दिले, तर ते कळवावे लागतात आणि पॅकेजमधून तेवढं कमी होऊ शकतं. चांगली कॉलेजं आधी कामाचा किंवा कर्जाचा भाग कमी करतात, ग्रँटला हात नंतर लावतात. हे आधी विचारून घ्या.

आणि फंडाच्या नावानं आभाराचं पत्र लिहायला सांगतील, ते मनापासून लिहा. आपल्या मुलांची पत्रं फार कोरडी असतात, 'रिस्पेक्टेड सर' पासून सुरू होणारी. घरी काय पिकतं, आई काय करते, कुठल्या कोर्सनं झोप उडवली ते लिहा. नव्वदीतल्या देणगीदार ती पत्रं उशाशी ठेवतात, मी पाहिलंय.

---

कऱ्हाकाठ

दवबिंदूताई, या एंडाउमेंटवर अमेरिकी सरकारनं कर वाढवला असं वाचलं. मुलगा जाईपर्यंत पैसा आटणार नाही ना?

---

दवबिंदू

कर २०१७ च्या कायद्यानं आला, गुंतवणुकीच्या उत्पन्नावर १.४ टक्के. किमान ५०० विद्यार्थी आणि दर विद्यार्थ्यामागं पाच लाख डॉलरची संपत्ती असलेल्या खासगी संस्थांना. २०२५ च्या कायद्यात दर ८ टक्क्यांपर्यंत गेला, पण विद्यार्थ्यांची मर्यादा ५०० वरून ३,००० केली. ॲमहर्स्टमध्ये दोन हजारांच्या आत मुलं, ग्रिनेलमध्ये त्याहून कमी. त्यामुळे मोठ्या विद्यापीठांना चटका बसला आणि बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजं या करातून सुटली. या बाबतीत निश्चिंत राहा.

---

जुनावड

मी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेतून शिकलो. सकाळी शेतात खुरपं, मग आंघोळ, मग तास. कर्मवीर अण्णांनी १९४७ साली ते कॉलेज याच पायावर उभं केलं. म्हणून मला केंटकीतल्या बेरिया कॉलेजची माहिती मिळाली तेव्हा घरचं काही सापडल्यासारखं वाटलं.

जॉन फी नावाच्या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकानं १८५५ मध्ये ते सुरू केलं. यादवी युद्धानंतर काळी आणि गोरी मुलं तिथं एका बाकावर बसत. १९०४ मध्ये राज्यानं कायदा करून हे एकत्र शिकणं बंद पाडलं. कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०८ मध्ये हरलं. मग त्यांनी पैसा उभा करून लुईव्हिलजवळ काळ्या विद्यार्थ्यांसाठी लिंकन इन्स्टिट्यूट काढली. १९५० मध्ये कायदा सैल झाल्यावर बेरियाचे दरवाजे पुन्हा सर्वांना उघडले.

१८९२ पासून हे कॉलेज कोणाकडूनही ट्यूशन घेत नाही. पण प्रत्येक विद्यार्थ्यानं आठवड्याला किमान दहा तास काम करायचं. काम म्हणजे ऑफिस, वाचनालय, शेत, हातमाग, आणि झाडू बांधणंसुद्धा. बेरियाचे हातानं बांधलेले झाडू प्रसिद्ध आहेत. सांजवातबाई, तुमच्या विषयाशी याचा संबंध असा, की तिथं काम हे निव्वळ पैशासाठी नाही, शिक्षणाचाच भाग आहे. कामाचं मूल्यमापन होतं आणि त्याची नोंद राहते. शिष्यवृत्ती एका कागदावर आणि पदवीच्या अटी दुसऱ्या, अशी फारकतच त्यांनी ठेवली नाही. परदेशी मुलांनाही थोड्या जागा असतात. कऱ्हाकाठ, तुमच्या मुलाच्या यादीत हे नाव लिहा.

आम्ही खुरपं धरलं त्याची लाज कधी वाटली नाही. त्या शेतातल्या वांग्यांची भाजी वसतिगृहात संध्याकाळी ताटात यायची.

---

सांजवात

जुनावडकाका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

भाचीची प्रगती सांगते. काल रात्री व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघींनी कॅटलॉग उघडला. तिनं वहीत आठ रकाने आखले, प्रत्येक सेमिस्टरला एक. आधी ज्यांना पर्याय नाही ते कोर्स मांडले: पहिल्या वर्षीचा सेमिनार, लॅबचं विज्ञान, लेखन, शारीरिक शिक्षण. मग तिच्या मनातल्या दोन मेजरच्या पहिल्या पायऱ्या, मानसशास्त्र आणि जीवशास्त्र. मांडता मांडता लक्षात आलं की जीवशास्त्राची ओळ रसायनशास्त्रापासून सुरू होते, आणि तो कोर्स फक्त ऑगस्टच्या सेमिस्टरला असतो. पहिल्या ऑगस्टला घेतला नाही तर एक वर्ष मागं. तोच कोर्स लॅबची अटही पुरी करतो. तिनं त्याभोवती लाल पेननं गोल केला. आठव्या रकान्यात मी तिला एक जागा मुद्दाम रिकामी ठेवायला लावली, चुकीसाठी.

एड ऑफिसला तिनं स्वतः तीन प्रश्न पाठवलेत. परदेशात एक सेमिस्टर केलं तर ग्रँट बरोबर येते का. आजारपणामुळे मध्ये सुट्टी घ्यावी लागली तर ते सेमिस्टर आठात धरतात का. आणि दर वर्षी फी वाढली की ग्रँट वाढते, की फरक घरून भरायचा. तिसऱ्याचं उत्तर आलं: गरज दर वर्षी नव्यानं मोजतात, म्हणून सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीसाठी घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा ऑनलाइन अर्ज, वेळेत भरायचं. भाऊजींनी त्याची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.

@अबोली, भाचीही दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. भाषेच्या सुटीसाठी नेमके कोणते कागद दिलेस? भाषांतर करून घ्यावं लागलं का?

---

अबोली

ताई, भाषांतर लागलं नाही. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर मराठी प्रथम भाषा असं इंग्रजीतही छापलेलं असतं. पण तेवढ्यावर भागलं नाही, रजिस्ट्रारनं माध्यम कुठलं त्याचा पुरावा मागितला. मग शाळेकडून इंग्रजीत दाखला घेतला: पहिली ते दहावी शिक्षणाचं माध्यम मराठी, खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. प्राथमिक आणि माध्यमिक शाळा वेगळ्या असतील तर दोन्हीकडून घ्या, माझा एक महिना त्यातच गेला. आणि मे महिन्यात शाळेचं ऑफिस बंद असतं, तेव्हा परीक्षा चालू आहेत तोवरच अर्ज देऊन ठेवायला सांगा. मूळ प्रती दोन घ्या. एक इकडे दिली तरी दुसरी व्हिसाच्या फाइलमध्ये राहील.